खिडकीत काय दिसतं

जुलै. उत्तर उरुग्वेतला गारठा,
चुलीत ओलं लाकूड धुमसतंय.
शाळेत सात मुलं, सात लॅपटॉप,
आणि फाटकापाशी उभ्या उभ्या झोपणारा
मायतेचा घोडा.

आज गणित नको, म्हटलं. आज एक फोटो.

फोटो माझाच, भिंतभर मोठा केलेला.
मी, माझं मांजर, मागे खिडकी.
समजा, तुम्ही मला ओळखत नाही.
सांगा, हा फोटो माझ्या काय काय चहाड्या करतो?

आधी सगळे मांजरावरच अडकले.
मग यामांडू उठला. त्याला हातचा अजून जमत नाही,
पण कानाची खूण बघून लांबूनच सांगतो
मेंढी कुणाची.
'खिडकीत पाण्याची टाकी आहे, हिरव्या पट्ट्याची.
अशी टाकी आपल्याच गावात.'
'दोरीवर पांढरा डगला वाळतोय.
खिशावर शाळेचा नंबर पण!'
'सावल्या लांब. तुम्ही संध्याकाळी घरी असता.'
आणि मायते, सगळ्यांत शेवटी, हळूच:
'ताटली एकच आहे. बाई एकट्या राहतात.'

लाकूड तडकलं.
शंभरदा पाहिलेला फोटो.
ती ताटली मला दिसलीच नव्हती.

मग मी जे शिकवलं ते मलाच जड गेलं,
कारण दोन वर्षं याच वर्गाला मी सांगत आले:
विचारलं की उत्तर द्यायचं,
खरं, स्पष्ट, पूर्ण वाक्यात.
आज म्हणायचं होतं,
काही प्रश्नांचं आपण कुणाचं देणं लागत नाही.
खेळात भेटलेला म्हणतो, मी पण नऊ वर्षांचा,
कुठली शाळा तुझी, खोली दाखव ना,
तर गप्प राहा, बंद करा, उठून या.

'पण बाई, ते उद्धटपणाचं नाही का?'

मी टिटवीचं विचारलं. ती इथेही आहे,
याच कुरणात, याच कर्कश गळ्याची.
'ओरडते कुठे?'
'इकडे.'
'आणि अंडी?'
सातही हात उलट्या दिशेला गेले.
'मग टिटवीला कुणी उद्धट म्हणतं?'
यामांडू म्हणाला, माझे आजोबा म्हणतात, रोज.
हसण्यात तास संपला.

सगळे अंगणात पळाले. मायते बसूनच.
'बाई, पोटात दुखतंय.'
काय खाल्लंस विचारणार होते,
तोच तिच्या बोटांकडे लक्ष गेलं,
डगल्याची निळी फीत
गुंडाळत, सोडत, गुंडाळत.
'मी पाठवला. खिडकीचा.
तो म्हणाला, कुणाला सांगायचं नाही.'

मी आधी चुलीत लाकूड सारलं.
हातांना काहीतरी काम हवं होतं.
मग खाली, तिच्याशेजारी फरशीवर बसले.
तू चुकलीस, हे वाक्य जिभेवर आलं होतं,
गिळलं.
म्हटलं, बरं झालं बोललीस.
पोटात ठेवलेलंच दुखतं, बाहेर आलं की
ते दोघींचं होतं.
तिच्या आईला फोन केला, मग तालुक्याच्या ठाण्यात.
तिचा लॅपटॉप तिच्याच मांडीवर राहू दिला.

फोटो उघडून पाहिला.
चौकट, चौकटीत धुकं. नुसतं पांढरं.
ना टाकी, ना कुंपण, ना घोडा.
त्या सकाळी नशिबाने धुकं होतं.
धुक्यावर किती दिवस काढायचे?

दुपारी आई न्यायला आली.
मायते घोड्यावर चढली, लगाम धरला,
आणि वळून, सगळ्यांदेखत:
'बाई, ताटली एकच का?'

मी तिच्याजवळ गेले, रिकिबीपाशी,
आणि उत्तर दिलं.
खरं, स्पष्ट, पूर्ण वाक्यात.
काय दिलं, ते इथे लिहीत नाही.